मॅडमच्या उपाशी पोरी

आमच्या मॅडमनी माझ्यासमोर कधी डास मारला नाही. प्राध्यापकांच्या खोलीत संध्याकाळी कुणी ती चटचट वाजणारी रॅकेट बाहेर काढली, की मॅडम पर्स उचलून व्हरांड्यात जाऊन उभ्या राहायच्या. "माझ्यादेखत नको," एवढंच म्हणायच्या. नव्यानं आलेल्यांना वाटायचं, बाई फारच धार्मिक दिसतात, मुंगीसुद्धा मारत नसतील. तसलं काही नव्हतं. मटणातली नळी त्या टेबलावर आपटून, आतला गर ओढून खायच्या आणि झुरळ दिसलं की चप्पल काढायच्या. जीव अडकला होता तो फक्त डासांत, आणि तोही माद्यांत. नर बिचारे फुलांतला गोडवा पिऊन जगतात, कुणाला चावत नाहीत, त्यामुळे मॅडमच्या लेखी त्यांना काही किंमत नव्हती. "नुसते फिरतात," असं त्या नरांबद्दल म्हणायच्या आणि म्हणताना विभागप्रमुखांच्या केबिनकडे बघायच्या.

नगरच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण मॅडमचा विषय निघाला की माझ्या तोंडी नगरच येतं. विभागाच्या मागच्या बाजूला एक लांबट, दमट खोली होती. तिथं लोखंडी मांडणीवर जाळीचे पिंजरे होते आणि त्यांत मॅडमच्या 'पोरी' राहायच्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच जन्मलेल्या, बाहेरचे रोग न पाहिलेल्या. एरवी त्यांना साखरपाण्याचा बोळा पुरायचा, पण अंडी घालायची तर रक्त लागायचं. ते मॅडम स्वतःच्या हाताचं द्यायच्या. डावा हात कोपरापर्यंत पिंजऱ्यात आणि उजव्या हातानं पेपर तपासणी, असं त्यांचं निवांत चालायचं. एकदा विद्यापीठाचे कुणी साहेब भेटायला आले तेव्हाही त्यांनी हात बाहेर काढला नाही. "बसा, यांचं होतच आलंय," म्हणाल्या. साहेब उभ्याउभ्याच चहा पिऊन गेले.

मी त्यांच्याकडे पीएचडी करायची म्हणून गेलो तेव्हा गुणपत्रिकेची फाइल काखेत घट्ट धरून गेलो होतो. मॅडमनी ती बाजूला ठेवली आणि पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. "हात घाल." मी हात घातला. आतल्या सगळ्या माद्या माझ्यावर तुटून पडल्या. मॅडम चष्मा वर करून कौतुकानं बघत राहिल्या. "वा! गोड दिसतोयस त्यांना. कुठला रे तू?"

"देवळाली प्रवरा."

"म्हणजे उसातला. तरीच." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या त्या उसाच्या पाचटानं माझे हात सोलवटलेत बरं का. बारावी मी तिकडंच केली, कोपीत बसून."

मॅडम जामखेडकडच्या. पाऊस नाही, पीक नाही, म्हणून दिवाळी झाली की त्यांचं घर कोयता घेऊन आमच्या बाजूला ऊसतोडीला यायचं. फडाच्या कडेला पाचटाचं खोपट, म्हणजे कोपी, कोपीत आईबाप, मॅडम आणि धाकटे दोघे भाऊ. आमच्या घरचा ऊस थोडकाच, पण तोही त्याच टोळ्यांनी तोडलेला. मला कुठं बघावं कळेना. मॅडमनीच माझी सुटका केली. "तोंड पाडू नकोस. जेवलायस का?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. हजेरीच्या आधी वर्गाला, तोंडी परीक्षेला आलेल्या पोराला, फोनवर बँकेच्या माणसालासुद्धा. "उपाशी माणसाला शिकवू नये आणि पोट भरलेल्याशी वाद घालू नये," असं त्या म्हणायच्या. उपासतापास त्यांना मुळीच खपत नसत. चतुर्थीला एखादी मुलगी नुसती केळी खाताना दिसली, की मॅडम स्वतःचा डबा तिच्यापुढं सरकवायच्या. "आमच्या घरानं इतके उपास केलेत, तुझे पण त्यातच धर."

आणखी एक कायदा होता. प्रयोगशाळेत डबे उघडायचे ते आधी मुलींनी, मग मुलांनी. बाईनं शेवटी जेवायचं ही चाल मॅडमच्या डोक्यात जायची. लहानपणी कोपीपुढं त्यांनी ते रोज पाहिलेलं. आई दिवसभर मोळ्या वाहून यायची, भाकरी थापायची, बापाला, पोरांना वाढायची, आणि टोपल्यात काही उरलंच तर पाण्याबरोबर खायची. "आमची आई शेवटी जेवायची म्हणजे बऱ्याचदा जेवायचीच नाही," असं मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. आम्ही मुलं मग मुकाट्यानं मुलींचं होईपर्यंत थांबायचो.

अशा बाईनं अभ्यासाला भूकच निवडली याचं पुढं मला नवल वाटेनासं झालं. मॅडमचा प्रश्न साधा होता. डासाची मादी एकदा पोटभर रक्त प्यायली, की पुढं काही दिवस माणूस शेजारी झोपला तरी ती ढुंकून बघत नाही. तिला 'पुरे' असं कोण सांगतं? "पोट सांगतं म्हणशील तर ते पहिल्यापहिल्यांदा. पुढं पोट रिकामं व्हायला लागलं तरी ती येत नाही. मग कोण सांगतं? भूक पोटात नसते रे, डोक्यात असते." हे म्हणताना त्या स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारायच्या. डासाचा मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान, पण आपल्या डोक्यात जी सेरोटोनिनसारखी रसायनं असतात तीच त्याही दाण्यात असतात. कुठलं रसायन वाढलं की चावायची इच्छा मरते, कुठलं घटलं की वखवख सुटते, याचा मॅडमना ध्यास होता. लग्नात गेल्या तरी त्या वधूवरांकडं न बघता पंगतीकडं बघायच्या. "तो बघ, तो निळा शर्टवाला. पोट भरलंय, पण डोक्याला अजून निरोप पोचलेला नाही. चौथी जिलेबी घेतोय."

माझ्या वाट्याला जो प्रयोग आला तो असा. बर्फावर ठेवून गुंगवलेल्या माद्यांना केसाएवढ्या काचेच्या सुईनं सेरोटोनिनचा जोर वाढवणारं औषध टोचायचं. दुसऱ्या गटाला नुसतं मिठाचं पाणी टोचायचं, म्हणजे तुलना करता येते. मग दोन्ही पिंजऱ्यांतलं साखरपाणी काढून एक दिवस फक्त पाण्याचा बोळा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात आत. उपाशी ठेवल्याशिवाय कुणाला खरी भूक आहे ते कळणार कसं? दुसऱ्या कुणाला उपाशी ठेवायची मॅडमवर आलेली ही एकच वेळ. पिंजऱ्यांवर त्या स्वतः 'उपाशी' अशी चिठ्ठी लावायच्या आणि लावताना दर वेळी पुटपुटायच्या, "एकच दिवस हं, पोरींनो."

त्याच उन्हाळ्यात मॅडम आईला जामखेडहून नगरला घेऊन आल्या. वडील आदल्या वर्षी गेले होते, भाऊ पुण्याकडं कामाला. मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे घरात मायलेकी दोघीच. मॅडमच्या आईंना आम्ही आजी म्हणायचो. आल्यापासून या आजींनी जेवण टाकलं. म्हणजे रुसून वगैरे नाही. ताटावर बसायच्या, दोन घास चिवडायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. "भूक न्हाई माय," एवढंच म्हणायच्या. मॅडमनी हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या, बोंबील आणले, शेजारणीकडून पुरणपोळी मागून आणली. डॉक्टर झाले, रक्त तपासलं, फोटो काढले. सगळे रिपोर्ट चांगले. आजींचं अंग मात्र दिवसेंदिवस वाळत चाललं होतं. बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या.

एकदा सुई भरता भरता मॅडम मला म्हणाल्या, "डासाची भूक बंद कशी करायची ते मला कळतंय. माझ्या आईची चालू कशी करायची ते सांग." मला खरोखर भीती वाटत होती, की ही म्हातारी पावसाळा काढत नाही आणि तिच्यामागं मॅडमही उभ्या राहत नाहीत.

घरी एकटी नको म्हणून मॅडम आजींना रोज कॉलेजात आणायच्या. पिंजऱ्यांच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची टाकून दिली होती. दुपारी तासाला जायच्या आधी मॅडम गेटसमोरच्या रसवंतीतून आलं-लिंबू घातलेला उसाचा रस मागवायच्या आणि ग्लास आजींच्या हातात द्यायच्या. परत येईपर्यंत ग्लास रिकामा असायचा. "निदान रस तरी जातोय पोटात," असं म्हणून मॅडम तेवढ्यावर समाधान मानायच्या.

इकडं प्रयोग मात्र भलताच रंगला. मिठाचं पाणी टोचलेल्या माद्या माझा हात दिसताच तुटून पडत. औषध टोचलेल्या जाळीला चिकटून ढिम्म बसत. पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. इतका स्वच्छ निकाल आमच्या विभागात कुणी पाहिला नव्हता. मॅडमना पुण्याच्या परिषदेत बोलायचं आमंत्रण आलं आणि माझ्या प्रबंधाचा तर प्रश्नच मिटला. देवळालीला आईनं गल्लीत पेढे वाटून टाकले.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मॅडम तासाला गेल्या होत्या. दाखवायला म्हणून मी मोबाईलवर पिंजऱ्यांचे फोटो काढत होतो. नव्या फेरीचे पिंजरे सकाळीच उपाशी ठेवले होते. मांडणीचे पाय आम्ही पाण्याच्या वाट्यांत ठेवायचो, मुंग्या चढू नयेत म्हणून. उन्हानं वाट्या आटल्या होत्या आणि मुंग्यांची एक रांग थेट खालच्या पिंजऱ्याकडं चालली होती. पाण्याच्या बोळ्याला मुंग्या? मी वाकलो तर वास आला. आमचं अख्खं घर उसात वाढलेलं, रसाचा वास मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. बोळा पिवळट होता आणि आतल्या माद्यांची पोटं टरारलेली होती.

मागं वळून बघितलं तर खिडकीपाशी आजी ग्लास घेऊन बसल्या होत्या. ग्लास अर्धा झाला होता आणि ओठ कोरडे होते.

"आजी, हा रस तुम्ही घातला?"

"व्हय," आजी सहज म्हणाल्या. "उपाशी हायेत बिचाऱ्या. तुमीच म्हनता न्हवं उपाशी, उपाशी? नुसतं पानी ठिवलंय. म्हनलं आपल्या ग्लासातलं घालावं उलीसं."

"रोज घालता?"

"आसं चिठ्ठी लावून ठिवता तवा ह्येंना घालते, येरवी खिडकीखालच्या झाडाला. वरच्या पिंजऱ्याला माझा हात पुरत न्हाई बाबा. त्यांचं लई वाईट वाटतं."

मी दोन्ही फळ्यांकडं बघितलं. मोळ्या वाहून आजींची कंबर कायमची वाकलेली होती. वरच्या फळीवर मिठाच्या पाण्याचा गट असायचा आणि खालच्या फळीवर औषधाचा, कारण औषधाचा पिंजरा मॅडमना स्टुलावर बसून सारखा बघायचा असायचा. जागा आलटून पालटून ठेवाव्यात हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो. आमचा सगळा चमत्कार म्हणजे पोटभर रस प्यायलेल्या माद्या होत्या.

दारात मॅडम उभ्या होत्या. तास लवकर सुटला असावा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी मनातल्या मनात पुण्याचं भाषण, प्रबंध आणि गल्लीतले पेढे यांना रामराम ठोकला आणि मॅडम आता काय करतात ते बघत राहिलो.

मॅडमनी पिंजऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या आजींच्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि ग्लास हातात घेऊन म्हणाल्या, "म्हंजी तू रस पन पीत नव्हतीस?" रागावल्या किंवा घाबरल्या की मॅडम थेट जामखेडच्या व्हायच्या.

"कशी पिऊ माय? समूर इतक्या उपाशी बसल्यात आन् म्या एकलीनं पिऊ?"

"आन् घरी? घरी तर कुनी उपाशी नसतं. तिथं काय हुतंय तुला?"

आजी खाली बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "तू मला आदी वाढतीस. आन् माझ्या तोंडाकडं बघत बसतीस. माझ्या घशाखाली उतरत न्हाई. कुनाला तरी खाऊ घातल्याबिगर मला भूकच लागत न्हाई बघ. जलम गेला त्यात."

"आगं पन ती गुलामी हाय आई!" मॅडम ओरडल्या. "शेवटी जेवायचं, उरलंसुरलं खायचं, ते दिस संपले. तुला आता कुनाला वाढायचं न्हाई, कळलं का?"

"आसंल गुलामी," आजी म्हणाल्या. "पन भूक माझी हाय न्हवं?"

एवढी वादाला पक्की बाई, कुलगुरूंशी भांडून खोली मिळवलेली, पण तिनं वाद तिथंच सोडला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि कपाटातला डबा काढून आजींच्या मांडीवर ठेवला. "बरं. वाढ मला."

आजींनी आधी मॅडमकडं नीट बघितलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग भाकरी मोडली. एक चतकोर मॅडमच्या हातावर, त्यावर ठेचा. एक चतकोर माझ्या हातावर. मी नुकताच जेवून आलो होतो, पण नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. आम्ही दोघं खात होतो आणि आजी बघत होत्या. चेहरा हळूहळू सैल होत गेला. आमचं झाल्यावर त्यांनी उरलेली भाकरी घेतली आणि कसलंही अवघडलेपण न दाखवता सगळी खाल्ली. वर रसाचा ग्लासही संपवला. मॅडमनी रिकामा डबा हातात घेतला, आत बघितलं आणि हसत हसत रडायला लागल्या. इतकं हलकं मला त्यानंतर माझ्या प्रबंधाच्या दिवशीही वाटलं नाही.

मग त्यांनी पुण्याला फोन लावला. "माझा निकाल चुकलाय, मी येत नाही. कारण? कारण माझ्या आईनं डासांना रस पाजला." पलीकडच्याला बहुतेक नीट ऐकू गेलं नसावं. मॅडमनी तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा सांगितलं, जरा अभिमानानंच.

दुसऱ्या दिवसापासून आजींना कामावर घेतलं. बिनपगारी, पण अधिकाराचं काम. प्रयोगातले पिंजरे कुलपात गेले आणि बाकीच्या सगळ्या पिंजऱ्यांचं साखरपाणी आजींकडं आलं. त्यांना हात पुरावा म्हणून मॅडमनी मांडणी कापून बुटकी करून घेतली. मुलींनी आधी डबे उघडायचा कायदा तसाच राहिला, फक्त त्याला एक पोटकलम जोडलं गेलं, आजी सोडून. आजी प्रत्येकाच्या ताटलीत काहीतरी वाढायच्या, कुणी जेवायचा राहिलाय का ते बघायच्या आणि मग निवांत स्वतःचा डबा उघडायच्या. पावसाळा संपेपर्यंत बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या. मॅडमना ती चाल शेवटपर्यंत पटली नाही. आजी वाढायला लागल्या की त्या कपाळाला आठ्या घालून खात, पण खात.

प्रयोग आम्ही पुन्हा मांडला. जागा आलटून पालटून, पिंजरे कुलपात, किल्ली मॅडमच्या गळ्यात. औषधाचा काहीच परिणाम नसला तर सगळं पहिल्यापासून. त्या सकाळी औषधाचा पिंजरा वरच्या फळीवर होता. मी आधी खालच्या पिंजऱ्यात हात घातला. माद्या तुटून पडल्या. मग वरच्या पिंजऱ्यात हात घातला आणि डोळे मिटून घेतले. काही चावल्या. बऱ्याच नाही चावल्या. पहिल्यासारखा चमत्कार नव्हता, पण फरक होता, खरा होता, आमचा होता. मी डोळे उघडले तेव्हा मॅडमनी माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की हात पिंजऱ्यातून निसटला.

खिडकीपाशी आजी बोळे भिजवत बसल्या होत्या. आमचा आरडाओरडा ऐकून त्यांनी विचारलं, "जेवल्या का गं तुझ्या पोरी?"

"खालच्या जेवल्या आई. वरच्या बऱ्याचशा न्हाई जेवल्या."

"का?"

"त्यांना भूकच न्हाई. समोर अन्न हाय, पन भूकच न्हाई." मॅडमच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

आजींच्या हातातला बोळा तसाच राहिला. त्या वरच्या पिंजऱ्याकडं बघत राहिल्या आणि काळजीनं म्हणाल्या, "मंग आसं हसता काय? त्यांच्यापशी बसा की कुनीतरी."

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी स्टूल ओढलं, पिंजऱ्याला लावून ठेवलं आणि त्यावर बसल्या. "बसले बघ," म्हणाल्या. "आता डबा आन हिकडं. वाढ."